आबांचा गळ

गळ टाकून नदीकाठी बसणे हा आळशी माणसाचा उद्योग होय, अशी पुष्कळांची समजूत असते. दुरून पाहणाऱ्याला दिसते ते इतकेच, की एक मनुष्य हातात काठी धरून बसला आहे आणि बराच वेळ काहीही घडत नाही. परंतु जे घडत असते ते पाण्याखाली. ते ओळखण्यात ज्यांचे सारे आयुष्य गेले, अशांपैकी एक म्हणजे कृष्णाकाठचे आबा.

आबांचे गाव कऱ्हाडच्या संगमाच्या बरेच खाली, सांगलीच्या वाटेवर आहे. शेती हा त्यांचा व्यवसाय. मासेमारीवर त्यांचे पोट कधीच नव्हते. पण वयाच्या आठव्या वर्षी वडिलांनी हाती दिलेला गळ आज पंचाहत्तरी उलटली तरी सुटलेला नाही. अलीकडे त्यांच्याबरोबर सातवीत शिकणारा नातू असतो. नदीवर पोहोचताच गळ पाण्यात पडावा, अशी त्याची घाई. आबा मात्र काठी खाली ठेवून बाभळीच्या सावलीत स्वस्थ उभे राहतात. "आरं, गळ कुटं पळतोय? आधी पाणी बघ," असे ते म्हणतात.

पाणी बघायचे म्हणजे काय? माशालाही आपल्यासारखेच श्रम वाचवायचे असतात. भर प्रवाहात दिवसभर पोहत राहणे त्याला परवडत नाही. म्हणून तो खडकाच्या आडोशाला, ओढा नदीला मिळतो त्या तोंडाशी किंवा धावते पाणी आणि संथ पाणी यांच्या सीमेवर थांबतो, आणि प्रवाहाबरोबर वाहत येणारे खाद्य टिपतो. नदी वळते तेथे बाहेरच्या अंगाचा काठ पाणी खात असते, म्हणून तिथे डोह पडतो. आतल्या अंगाला वाळू साचते. उन्हे तापली की मोठे मासे डोहात उतरतात; सकाळी आणि सायंकाळी ते उथळ पाण्याकडे येतात. एवढे ध्यानात आले म्हणजे नदीचा पाऊण भाग आपोआप वगळला जातो आणि उरलेल्या पाव भागात गळ टाकता येतो.

मासा बहुधा प्रवाहाकडे तोंड करून असतो. म्हणून त्याच्याकडे खालच्या बाजूने जावे. आपली सावली पाण्यावर पडू देऊ नये. काठावर उभे न राहता मागे सरून बसावे. पाण्यात बुडविलेली पेन्सिल वाकडी का दिसते, हे विज्ञानाच्या तासाला शिकविले जाते. प्रकाशकिरण वाकतात, त्यामुळे उभा मनुष्य माशाला चटकन दिसतो. खाली बसलेला मात्र त्याच्या दृष्टीच्या कडेला दबून जातो. आबांनी हा धडा वाचलेला नाही, पण बसण्याची त्यांची जागा पाहिली तर त्यांना तो पाठ असावा असे वाटते. बोलण्याविषयी त्यांचे मत अनेकांना नवल वाटण्यासारखे आहे. हळू गप्पा मारायला त्यांची हरकत नसते. पाय आपटण्याला असते. हवेतला आवाज पाण्यात फारसा शिरत नाही. पण काठावर पडलेल्या पावलाचा हादरा जमिनीतून थेट पाण्यात जातो, आणि माशाच्या दोन्ही कुशींवरून जाणारी जी बारीक रेघ असते, तिच्या योगाने तो त्याला जाणवतो.

साधनांचा आबांना सोस नाही. बांबूची वाळलेली लवचिक काठी, तंगूस, भेंडाचा एक तुकडा, शिशाची गोळी आणि लहान गळ, इतकाच त्यांचा संसार. लहानपणी ते सुताची दोरी वापरीत. ती भिजली की जड होई आणि पुढे कुजे. तंगूस आले आणि ती अडचण गेली. पण तंगुसाला स्वतःचा एक दोष आहे. त्याची गाठ कोरडी आवळली तर घर्षणाने तापते आणि नेमकी तिथेच दोरी कमजोर होते. म्हणून आबा गाठ आवळण्यापूर्वी ती जिभेने ओली करतात. गळ लहान का? लहान गळाला मोठा मासाही लागतो. मोठ्या गळाला लहान मासा केवळ आमिष देऊन जातो. भेंड आणि गळ यांमधले अंतर पाण्याची खोली पाहून ठेवावे लागते. शिंगटा आणि वांब तळाशी वावरतात, तेव्हा गांडूळ लावलेला गळ तळापर्यंत गेला पाहिजे. रोहूला मळलेल्या कणकेची गोळी चालते. मरळ मात्र शिकारी. तिला लहान मासा किंवा बेडूक हवा.

आता सर्वांत अवघड भाग. भेंड हलले की नातवाचा हात झटका देतो आणि गळ रिकामा वर येतो. बारीक मासे आमिषाला टोचे मारीत असतात तेव्हा भेंड नुसते थरथरते. ते तिरपे सरकत पाण्याखाली गेले म्हणजे माशाने आमिष तोंडात घेतले. तेव्हासुद्धा झटका नको. मनगट वर उचलले की पुरे. पुढे माशाशी ओढाओढ करू नये. काठी उंच धरावी, तो धावेल तिकडे धावू द्यावा, थांबला की दोरी हळूहळू जवळ घ्यावी. काठीचा बाक हाच माशाला थकवितो. शिंगटा हाती आला तर विशेष जपावे. त्याच्या पाठीवरच्या आणि कल्ल्यांमागच्या परांत करवतीसारखे ताठ काटे असतात, आणि ते लागले की दिवसभर ठणका राहतो. वांबीच्या पाठीवरही बारीक काट्यांची रांग असते.

जो मासा घरी न्यायचा नाही, त्याला कोरड्या हाताने धरायचे नाही, हा आबांचा दंडक आहे. माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर हे त्याचे चिलखत होय. कोरड्या हाताला तो निघून येतो आणि सोडलेला मासा पुढे रोगाने मरतो. हात ओले करावेत, कल्ल्यांत बोट घालू नये, आणि प्रवाहाकडे तोंड करून तो आपल्या बळाने निसटेपर्यंत त्याला पाण्यात हलकेच धरून ठेवावे. कधी कधी पृष्ठभागाजवळ तांबूस पिलांचा थवा दिसतो. त्याच्या खाली मरळीची नर-मादी राखणीला असतात. त्या वेळी त्यांच्यापुढे पडेल त्या वस्तूवर त्या तुटून पडतात, म्हणून त्या पकडायला अगदी सोप्या. आबा तिथे गळ टाकीत नाहीत. आईबाप गेले की तो थवा इतर मासे दोन दिवसांत संपवितात.

परंतु गावाशी त्यांचे खटके उडतात ते मृगाच्या पावसात. पहिले मोठे पाणी ओढ्यांना आले की मासे अंडी घालण्यासाठी प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात. हे चढणीचे मासे. त्या चार दिवसांत जाळी, टोपल्या, मच्छरदाण्या, मिळेल ते घेऊन सारे गाव ओढ्यावर लोटते. आबांची काठी मात्र पहिल्या पावसाला आढ्याला टांगली जाते, ती श्रावण सरल्यावर खाली येते. गेल्या पावसाळ्यात नातू मित्रांबरोबर जाऊन टोपली भरून मासे घेऊन आला. आबा रागावले नाहीत. त्यांनी एक मासा चिरून अंड्यांची पिवळसर पिशवी त्याच्या हातावर ठेवली. किलोभर रोहूच्या पोटात अंडी लाखांनी मोजावी लागतात.

"इतकी अंडी असतात, मग चार मासं धरलं तर काय बिघडलं, आबा?" नातवाने विचारले.

प्रश्न वाजवी होता. लाखांतली फारच थोडी पिले मोठी होतात, हे आबांनी सांगितले. खडसासारख्या माशाच्या पोटात तर त्या मानाने अंडी फारच थोडी, हेही सांगितले. पण मुलगा तेवढ्यावर थांबला नाही. शेतात शिरलेले मासे पाणी ओसरले की चिखलात तडफडून मरतातच, मग ते धरण्यात पाप कसले, असे त्याने विचारले. यावर आबा बराच वेळ गप्प राहिले. दुसऱ्या दिवशी ते बादली घेऊन बांधावर गेले आणि खाचरांत अडकलेले मासे नदीत नेऊन सोडू लागले. नातू दुसरी बादली घेऊन मागून गेला. गावातले लोक हसले, अजूनही हसतात. एका म्हाताऱ्याच्या दोन बादल्यांनी नदी भरत नाही हे खरे आहे, आणि ते आबांनाही ठाऊक आहे.

खडसाचे नाव निघाले की आबांचा स्वर बदलतो. मोठ्या खवल्यांचा हा बलवान मासा दख्खनच्या नद्यांचा जुना रहिवासी. कर्नल साईक्स या इंग्रज अधिकाऱ्याने पुण्याजवळच्या मुळा-मुठेतल्या माशावरून 1839 साली त्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. आळंदी आणि देहू येथे इंद्रायणीच्या डोहात लोकांनी श्रद्धेने तो राखला. आबांच्या तरुणपणी गावच्या डोहातही खडस होता; पुष्कळ वर्षांत तो त्यांच्या गळाला लागलेला नाही. त्याच्या जागी आता तिलापी सापडते. ही आफ्रिकेतली, 1952 मध्ये ती भारतात आणली गेली आणि जिथे सोडली तिथे फोफावली. रोहू आणि कटला हेसुद्धा मूळचे गंगेकडचे, इथे बीज सोडून वाढविलेले. पाण्याची स्थितीही पालटली आहे. मार्च 2023 मध्ये सांगलीजवळ कृष्णेच्या काठाला मेलेल्या माशांचा खच पडला होता. घाण पाण्यात मिसळली की तिच्या कुजण्यातच पाण्यातला प्राणवायू संपतो, आणि मासे तोंड वर काढून गुदमरतात. तसे मासे दिसले तर त्यांना कोणी हात लावू नये, असे आबा बजावतात.

मुलांना एकट्याने नदीवर जाण्याची त्यांची सक्त मनाई आहे. धरणातून पाणी सोडले की वर आभाळ निरभ्र असतानाही नदी फुगते. बसण्यापूर्वी आबा पाण्याच्या कडेला एक काडी रोवतात. काडी बुडू लागली की तत्काळ सामान आवरून वर यायचे, मग गळाला कितीही मोठा मासा असो. या भागात कृष्णेत मगरी आहेत. त्या दिवसा वाळूवर ऊन खात पडतात, त्या जागा आबांना माहीत आहेत. मासे साफ करायचे ते घरी. पाण्याच्या कडेला बसून आतडी टाकली की मगरीला बोलावणे धाडल्यासारखे होते. दिवस कलला की काठ सोडायचा. निघताना तुटलेल्या तंगुसाचा तुकडाही वाळूत राहू द्यायचा नाही, कारण त्यात बगळ्यांचे आणि पाणकावळ्यांचे पाय अडकतात. ते तुकडे गोळा करून ठेवण्यासाठी नातवाच्या खिशात आता काडेपेटीची एक रिकामी डबी असते.