येळवशीच्या दिवशी लवकर या



थंडी पडली की शहरातली मंडळी महाबळेश्वर, माथेरानच्या गाड्या धरतात. खुशाल जावोत. तुम्हाला मात्र मी आज लातूर जिल्ह्यातल्या एका साध्या शिवारात नेणार आहे. तिकीट लागत नाही, आमंत्रणही लागत नाही. दिवस तेवढा नेमका साधायचा. तो म्हणजे मार्गशीर्षातली अमावस्या. कोणी तिला वेळ अमावस्या म्हणते, कोणी दर्शवेळा. आम्ही येळवस म्हणतो. लातूर, धाराशिव, सोलापूरचा काही भाग आणि पलीकडे कर्नाटकात हा सण घरात नव्हे, रानात होतो. त्या दिवशी गावात चिटपाखरू राहत नाही. बाजारपेठा ओस पडतात. ज्याला शेत नाही तो शेजाऱ्याच्या शेतात जेवतो आणि त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही.

बहुतेक पाहुणे दुपारच्या पंगतीला येतात. माझे सांगणे एवढेच, की तुम्ही सकाळी या.

औशाहून निलंग्याच्या वाटेवर खरोशाची टेकडी लागते. जांभ्या दगडात कोरलेली जुनी लेणी तिथे आहेत. उजाडायच्या सुमारास टेकडीवर चढा. उंची फार नाही, पण भोवतालचे रान सपाट असल्यामुळे नजर लांबवर जाते. खाली धुक्याचा पातळ थर असतो. सूर्य कासराभर वर आला की तो विरतो आणि एकेक पट्टी उघडी पडते. हरभऱ्याची काळपट हिरवी, गव्हाची पोपटी, शेंगा वाळत आलेल्या तुरीची तपकिरी. मध्येच कुठे निसवलेल्या शाळूचे उंच रान. पूर्वी त्यात जवसाची निळी पट्टीही असायची. आता ती शोधावी लागते.

आता खाली उतरा आणि बांधाने चाला. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजेल, भिजू द्या. निरभ्र रात्री जमिनीची ऊब आभाळाकडे निघून जाते, पाने गार पडतात आणि हवेतली ओल त्यांच्यावर बसते. तेच हे दव. बांधावरच्या गवतात कोळ्यांनी विणलेली जाळी एरवी दिसतही नाहीत. या वेळी मात्र त्यांच्या धाग्याधाग्यावर थेंब लागलेले असतात.

हरभऱ्याच्या पानावर बोट फिरवून जिभेला लावून पाहा. आंबट लागेल. तीच आंब. हरभऱ्याच्या पानांवर बारीक लव असते आणि तिच्यातून हा आंबट रस पाझरतो. आपल्या आज्या रात्री हरभऱ्यावर स्वच्छ फडके पसरायच्या, पहाटे दवाने भिजलेले ते फडके पिळून आंब बाटलीत भरायच्या आणि पोटदुखीवर द्यायच्या. तुमच्या घरात कोणाला हे आठवते का, ते जरूर विचारा.

पाटाच्या कडेला शेपटी वरखाली हलवत धावणारा लहानसा पांढरा-काळा पक्षी दिसेल. तो धोबी. हिमालयाकडून तो थंडीबरोबर येतो आणि उन्हाळा लागला की परत जातो. तारेवर बसलेला, दुभंगलेल्या शेपटीचा काळा कोतवाल तर तुमच्या ओळखीचाच. तो उगाच बसलेला नसतो, त्याची नजर पिकातल्या किड्यांवर असते. दहा मिनिटे उभे राहून पाहा. तो किती वेळा खाली झेपावतो ते मोजा.

इथे मला एक कबुली द्यायची आहे. माझी नोकरी शेतकऱ्यांना सल्ला देण्यात गेली. १९९० नंतर या भागात सोयाबीन पसरले, त्यात आमच्या सांगण्याचाही वाटा आहे. सोयाबीनने पैसा दिला. त्या पैशावर मुलांची शिक्षणे झाली, घरांवर पत्रे जाऊन स्लॅब आले. तो सल्ला चुकला असे मी म्हणणार नाही. पण काही वर्षांपूर्वी येळवशीला एका शेतात गेलो, तेव्हा तिथल्या आजींनी मला विचारले, "साहेब, सोयाबीन पेरा म्हणून तुमीच सांगितलं. पैका आला, खोटं कशाला बोलू? पण खोप कशाची करावी?"

येळवशीची खोप कडब्याची. तिच्यात पाच पांडव मांडतात, लक्ष्मीची पूजा करतात. त्या शेतात खरिपाची ज्वारी गेली, तसा कडबाही गेला. आजींच्या मुलाने दहा पेंढ्या विकत आणल्या होत्या. आंबिलीचे ज्वारीचे पीठही दुकानातलेच होते. मला उत्तर सुचले नाही. भज्जी, खिचडा, उंडे, गव्हाची खीर, सगळे पानात होते. पण त्या दिवशी घास सावकाशच उतरला.

नंतर मला जे उत्तर सुचले, ते तुमच्यापुढे ठेवतो. हरभरा पेरताना बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळा. घाटेअळीच्या बंदोबस्तासाठी ही शिफारस आहेच. हरभऱ्यात मधूनमधून ज्वारीचे ताट उभे राहिले की कोतवाल, साळुंकी त्यावर बसतात आणि अळ्या टिपतात. एवढ्याने फवारणी सुटेल असे नाही, पण मदत नक्की होते. शिवाय खरिपात बांधाकडेने ज्वारीच्या चार ओळी पेरा. सोयाबीनचे उत्पन्न तेवढ्याने बुडत नाही. खोपीपुरता कडबा आणि आंबिलीपुरते पीठ घरचे होते. शिवारात पिके चार असली, की पाखरेही चार प्रकारची येतात. आपण ज्याला रानाची शोभा म्हणतो, ती पुष्कळदा आपल्याच पेरणीतून उगवलेली असते.

तुमच्याकडे येळवस नसेलही. तरी या थंडीत एक सकाळ काढा. हातात खुरपे नको, पाठीवर पंप नको. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि लेकरांना बरोबर घ्या आणि आपल्याच शेताला एक वेढा घाला. रोज आपण रानात जातो ते कामासाठी. खाली मान घालून जातो आणि तशीच घेऊन येतो. एक दिवस मान वर करून चाला.

येळवशीला दिवस मावळताना कडब्याची पेंढी पेटवून शेताभोवती फिरवतात. अमावस्येच्या अंधारात लांबलांबच्या शिवारांत ते जाळ हलताना दिसतात. गेल्या खेपेला त्या आजींच्या शेतातही तसा जाळ फिरला. पेंढी त्यांच्या घरचीच होती.