बुजलेला नाला

नाला बुजवायचा म्हणजे सरकारला टेंडर काढावे लागते, मुरूम टाकावा लागतो, झालेच तर नारळ फोडायला कुणीतरी यावे लागते. माझ्या भाच्याने भामरागड तालुक्यातला एक वाहता नाला खाटेवर मांडी घालून, हातातला चहाचा कप खाली न ठेवता बुजवला.

मी जुना भूमापनवाला. १९८२ साली चंद्रपुरातून गडचिरोली जिल्हा वेगळा निघाला, त्याच सुमारास मी साखळी ओढायला लागलो. साखळी, लेव्हल, स्टाफ आणि दोन खलाशी, एवढ्या भांडवलावर आम्ही डोंगर कागदावर उतरवायचो. भाचा लॅपटॉपवाला. एका गावाच्या रस्त्यावर मोरी बांधायची होती, तिच्यासाठी जमिनीचा चढउतार मोजायचे काम त्याला मिळाले. ‘मामा, चला, हवापालट होईल,’ म्हणाला. हवापालट म्हणजे दिवसभर प्रिझमची काठी धरून उभे राहणे, हे तिथे गेल्यावर कळले.

पहिल्या दिवशी त्याने ड्रोन उडवले. संध्याकाळी पडद्यावर जमीन उमटली आणि तिच्यात रस्त्याच्या कडेला चांगली पंधरा मीटर उंच टेकडी! मी दुपारभर त्याच जागी बसून डबा खाल्ला होता. मला काही धाप लागली नव्हती. टेकडी कसली, ते सागाचे शेंडे होते. कॅमेऱ्याला वरून जे दिसते तीच त्याची जमीन. लेझरवाले ड्रोन असते तर त्याचे काही किरण पानांच्या फटींतून खाली पोचले असते म्हणे, पण त्याचे भाडे ऐकून भाच्याने दुसऱ्या दिवशी निमूटपणे टोटल स्टेशन मांडले.

दर वीस मीटरवर एक बिंदू. संगणक या बिंदूंचे त्रिकोण जोडतो आणि बाजेवर चादर ताणावी तशी त्यांच्यावर जमीन ताणतो. हा त्रिकोणांचा नाद जुनाच. लॅम्बटनसाहेब १८०२ साली मद्रासहून त्रिकोण जोडत निघाला, अर्ध्या टनाचा थिओडोलाइट वागवत हिंडला आणि १८२३ साली आमच्या हिंगणघाटला येऊन वारला. भाच्याचे शेकडो त्रिकोण चहा निवायच्या आत झाले.

गावपाटील ते रंगीत चित्र बघायला आले. बराच वेळ बघून अदबीने म्हणाले, ‘चित्र बेस आहे जी. पन नाला कुठी गेला?’

भाच्याने चित्र मोठे केले, फिरवले, उलटे केले. नाला नव्हता! आठ मीटर रुंद, पुरुषभर खोल नाला बिंदूंच्या दोन रांगांमध्ये सापडला होता. त्रिकोणाचे एक टोक या काठावर, दुसरे त्या काठावर, मध्ये चादर ताठ.

‘मामा, नाल्यात काठी धरली होती ना?’

धरली नव्हती. चप्पल भिजू नये म्हणून मी ओंडक्यावरून पलीकडे गेलो होतो. हे मी खोकत खोकत सांगितले.

पाटील रागावले नाहीत. त्यांनी आम्हाला नाल्याकाठच्या एका झाडाशी नेले. खोडावर माझ्या छातीइतक्या उंचीवर गाळाची रेघ होती. ‘पावसात पानी इथवर येते. मागच्या साली बाई अडली होती. खाटेवर घालून नेली, तं नाल्यापाशी रात्रभर बसून राहिलो.’ पुढे काय झाले ते त्यांनी सांगितले नाही आणि आम्ही विचारले नाही. भाच्याच्या चित्रावरून मोरी बांधली असती तर दोन नळ टाकून काम भागले असते, आणि पहिल्याच पुरात ते नळ रस्त्यासकट गेले असते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी धोतर खोचून नाल्यात उतरलो. दोन्ही काठ, तळ, गाळाची रेघ, पावलापावलाला काठी. भाच्याने काठाचे आणि तळाचे बिंदू ओळीने जोडले आणि संगणकाला बजावले, या रेघा ओलांडून त्रिकोण काढायचा नाही. ब्रेकलाइन म्हणतात तिला. नाला परत आला. पाटलांनी पडद्यावर बोट ठेवले आणि पहिल्यांदाच हसले.

या भानगडीत माझी डावी चप्पल वाहून गेली. भाच्याकडे अशीही सोय आहे, की चित्रावर पाण्याचा थेंब टाकला की तो कुठून कुठे जाईल त्याची रेघ उमटते. मी म्हटले, थेंबाऐवजी चप्पल टाक. रेघ नाल्यातून तीनशे मीटर सुरेख धावली आणि आमची मोजणी संपली तिथे थांबली. पुढे पर्लकोटा, इंद्रावती, गोदावरी. माझ्या हिशेबाने होळीपर्यंत ती समुद्राला मिळाली असेल. उजवी चप्पल अजून माळ्यावर आहे.