वेगळा गंज

चंद्रपूर जिल्ह्यातला उन्हाळा ज्या बाईने पाळीच्या दिवसांत काढला आहे, तिला पुढचं फारसं समजावून सांगावं लागणार नाही. पारा ४५च्या पुढे गेलेला, कूलर नुसती गरम हवा फेकतो आहे आणि मांड्यांच्या मध्ये दिवसभर प्लॅस्टिकचा थर असलेलं पॅड. घाम, रक्त आणि घर्षण. तिसऱ्या दिवसापर्यंत कातडी सोलवटते. आमच्या वरोऱ्यातल्या बायका याला दुखणं म्हणत नाहीत. खोबरेल तेल लावतात, शक्यतो चालणं टाळतात, आणि कुणी विचारलंच तर ‘ऊन लागलं’ म्हणतात. मी मेन्स्ट्रुअल कप वापरायला लागले ते या सोलवटण्याला कंटाळून. कचऱ्याचा विचार नंतर आला आणि पैशाचा त्याहूनही नंतर.

वस्तू साधी आहे. वैद्यकीय दर्जाच्या सिलिकॉनचा, घंटेच्या आकाराचा छोटा कप. घडी घालून योनीमार्गात सरकवायचा, आत गेला की तो उघडतो. तो रक्त शोषत नाही, साठवतो. आठ ते बारा तासांनी बाहेर काढून रिकामा करायचा, धुवायचा, परत घालायचा. पाळी संपली की पाण्यात उकळून कापडी पिशवीत ठेवून द्यायचा. नीट जपला तर एक कप दहा वर्षांपर्यंत चालतो. अमेरिकेत लिओना चामर्स या बाईने रबराच्या कपाचं पेटंट घेतलं ते १९३७ साली. पुढे महायुद्धात रबराची टंचाई झाली आणि तो कप मागे पडला. म्हणजे माझी आजी परकर नेसत होती तेव्हा ही वस्तू जगात होती! आपल्याकडे राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ या काळात, १५ ते २४ वयाच्या मुलींना विचारलं तेव्हा सॅनिटरी नॅपकिन वापरणाऱ्या ६४ टक्के निघाल्या आणि कप वापरणाऱ्या ०.३ टक्के.

हे अंतर पैशाचं आहे असं मला वाटत नाही. साधा कप तीन-चारशे रुपयांत मिळतो आणि काही महिन्यांच्या पॅडमध्ये ते पैसे वसूल होतात. अडतं ते हाताशी. पॅडला शरीराला हात लावावा लागत नाही. ते चड्डीला चिकटवायचं, वरून गुंडाळायचं, टाकायचं. कपाला मात्र स्वतःची बोटं स्वतःच्या आत न्यावी लागतात, आणि तिथे काय आहे हे आपल्याला कुणी कधी सांगितलेलं नसतं. मैत्रिणींशी या विषयावर बोलायला लागले तेव्हा पहिला प्रश्न हाच यायचा, की कप घातल्यावर लघवी कशी करायची? लघवीची वाट वेगळी आणि योनीमार्ग वेगळा, हे दोन-दोन बाळंतपणं झालेल्या बायकांनाही माहीत नव्हतं. दुसरा प्रश्न माझ्या जावेचा, “बाई, हे आत हारपलं तं?” हरवत नाही. योनीमार्ग वरच्या टोकाला बंद असतो. तिथे गर्भाशयाचं तोंड आहे आणि त्याचं भोक इतकं बारीक, की कप त्यातून वर जाणं शक्यच नाही. उकिडवं बसून थोडा जोर केला की तो खाली येतो. मग त्याचा तळ बोटांनी चिमटायचा म्हणजे आतली हवेची पकड सुटते. नुसतं दांडीला धरून ओढायचं नाही.

हे सगळं एका महिन्यात जमत नाही, आणि जमतं असं सांगून कुणाला कप विकू नये. ‘लॅन्सेट पब्लिक हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात २०१९ साली ४३ अभ्यासांचा एकत्रित आढावा आला होता. त्यातही हेच दिसलं, की हात बसायला काही पाळ्या जाव्या लागतात. पण कप वापरायला शिकलेल्या बायकांचं गळणं पॅडपेक्षा जास्त नव्हतं, आणि बहुतेक जणींना पुढेही कपच वापरायचा होता. माझंही तसंच झालं. सुरुवातीचे महिने मी सोबत कापड लावत होते. कप आत नीट उघडला की नाही हे बोट फिरवून पाहायला शिकले, आणि त्या शिकण्यात शरीराचा एक भाग, जो इतकी वर्षं माझाच असून मला परका होता, माझ्या ओळखीचा झाला.

मग पहिल्यांदा मी माझं रक्त पाहिलं. पॅडवर दिसतो तो डाग असतो, वाळलेला, काळपट, वास मारणारा. कपात होतं ते ताजं लाल होतं आणि त्याला जेमतेम वास होता. तो कुबट वास रक्ताला हवा, घाम आणि जंतू लागल्यावर येतो. आपण ज्याला पाळीची घाण म्हणतो, तिच्यातला बराच भाग पॅडमध्ये तयार होतो हे मला त्या दिवशी डोळ्यांनी कळलं. लहानपणापासून ‘घाण रक्त जाते, बरं असते’ असं ऐकत आले होते. ते घाण नाही. गर्भाशयाचं अस्तर आहे आणि अंगात फिरणारंच रक्त आहे.

आणि ते मोजता येतं. बऱ्याच कपांच्या भिंतीवर मिलिलिटरच्या रेघा असतात. एका पूर्ण पाळीत साधारण ३० ते ४० मिलिलिटर रक्त जातं, म्हणजे दोन-अडीच मोठे चमचे. ८० च्या वर गेलं तर डॉक्टर ते जास्त समजतात. आमच्याकडच्या बायका दवाखान्यात जाऊन ‘खूप अंगावरून जाते’ एवढंच सांगतात. खूप म्हणजे किती, हे त्यांनाही सांगता येत नाही आणि समोरच्यालाही अंदाज येत नाही. किती पॅड लागतात, या प्रश्नाला अर्थ नाही, कारण पैसे वाचवणारी बाई एकच पॅड दिवसभर ठेवते. मी रेघा पाहून लिहून ठेवायला लागले, तर आकडा दर महिन्याला ऐंशीच्या बराच वर. तो कागद घेऊन डॉक्टरबाईंकडे गेले. त्यांनी हिमोग्लोबिन आणि सोनोग्राफी करायला लावली. रक्त कमी निघालं, आणि गर्भाशयात एक गाठ, साधी, फायब्रॉइडची. जिना चढताना लागणारी धाप मी कित्येक वर्षं वयाच्या नावावर टाकत होते.

म्हणून ही गोष्ट मला आरामापेक्षा मोठी वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या त्याच फेरीनुसार महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये, ५४ टक्क्यांमध्ये, रक्तक्षय आहे. आमच्या पट्ट्यात त्यावर सिकलसेलची भर. ज्या शरीरात रक्त आधीच थोडं, तिथे दर महिन्याला किती जातं हे कुणालाच माहीत नसावं, याचं मला वाईट वाटतं. डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीतल्या वसा आणि अमिर्झा या दोन गावांत ६५० बायकांची तपासणी केली, तिचे निष्कर्ष जानेवारी १९८९ च्या ‘लॅन्सेट’मध्ये आले. ९२ टक्के बायकांना कुठला ना कुठला स्त्रीरोगाचा त्रास होता, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या जेमतेम ८ टक्के होत्या. बाळंतपण आणि कुटुंबनियोजन सोडून बाईच्या शरीरात आणखी काही दुखत असेल, हा प्रश्न त्या अभ्यासाने जगापुढे ठेवला, आणि तो आमच्या शेजारच्या जिल्ह्यातून ठेवला गेला. आज पस्तीसहून अधिक वर्षं झाली. सोनोग्राफीची यंत्रं आता तालुक्याच्या गावात आहेत, पण त्यांच्यापर्यंत जाण्याआधी बाईने स्वतःशी जे बोलायला हवं ते अजून फारसं बोललं जात नाही.

घरात खरी अडचण आली ती कप उकळण्याची. गॅस स्वयंपाकघरात आणि स्वयंपाकघर म्हणजे पाळीची आणि विटाळाची सगळी स्मृती. आजी चार दिवस छपरीत बसायची. तिचं ताट, तिचा तांब्या, तिची सतरंजी सगळं वेगळं. आईने ते सोडलं, पण देवघर आणि लोणच्याची बरणी तिच्याकडूनही सुटली नाही. आणि आता मी त्याच पाळीची वस्तू चुलीवर ठेवणार! सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी माळ्यावरून एक जुना जर्मनचा गंज, म्हणजे ॲल्युमिनियमचं पातेलं, काढून ओट्याच्या कडेला ठेवला, “याच्यात करत जा.” आरोग्याच्या दृष्टीनेही वेगळं भांडं ठीकच, म्हणून मी तो घेतला. पण त्यांच्या मनात आरोग्य नव्हतं हे आम्हा दोघींनाही माहीत होतं. अजूनही सासूबाई त्या गंजाला हात लावत नाहीत, आणि मी आग्रह धरत नाही. ज्या बाईने तीस-पस्तीस वर्षं दर महिन्याला स्वतःला अस्पर्श्य मानलं, तिला एका दिवसात ‘तसं काही नव्हतं’ म्हणणं म्हणजे तिची ती वर्षं फुकट गेली असं सांगणं. ते मला जमत नाही.

मात्र हे वरोऱ्यात घडतं याची टोचणी लागते. गावाला लागून कुष्ठरुग्णांचं आनंदवन आहे. बाबा आमटे आणि साधनाताई १९४९ पासून तिथे उभ्या राहिलेल्या कामात आयुष्यभर एकच गोष्ट दाखवत राहिले, की शिवण्याने माणूस बाटत नाही. कुष्ठरुग्णांनी पिकवलेली भाजी घ्यायला सुरुवातीला गाव कचरत होतं, नंतर तीच भाजी घरोघर शिजली. रोगाच्या बाबतीत जे गाव एवढं शिकलं, त्याच गावात कितीतरी घरी सून अजून चार दिवस तुळशीला पाणी घालत नाही.

मुलींच्या बाबतीत भीती आणखी वेगळी असते. माझ्या भाचीला कप हवा होता, तर तिच्या आईचा जीव वरखाली. लग्नाआधी हे चालेल का? तिला काय म्हणायचं आहे ते मला कळलं. योनीपटल सायकल चालवताना, खेळतानाही ताणलं जातं. त्यावरून कुणाच्याही चारित्र्याबद्दल काहीही सांगता येत नाही. वरोऱ्याहून वर्ध्याकडे गेलं की सेवाग्राम लागतं. तिथल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतले न्यायवैद्यक विषयाचे प्राध्यापक डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी ‘कौमार्य चाचणी’ला वैद्यकशास्त्रात काडीचा आधार नाही हे पुराव्यानिशी मांडलं, आणि २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो भाग एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातून काढला. तोवर डॉक्टरांनाही हे शिकवलं जात होतं, मग आईला दोष कसा देणार! भाचीने अजून ठरवलेलं नाही. तिने ठरवावं, तिच्या आईने किंवा मी नाही.

कप सगळ्यांना चालतोच असंही नाही. तांबी बसवलेल्या बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये, कारण कप काढताना तांबीही सरकू शकते. अंग बाहेर येण्याचा त्रास असेल तर आधी त्यावर उपचार. क्वचित जंतूंचा गंभीर संसर्ग झाल्याची उदाहरणं आहेत, म्हणून बारा तासांची मर्यादा आणि हात धुणं यात ढिलाई नको.

आणि पाणी हवं, आडोसा हवा. गडचिरोलीत भामरागड, एटापल्लीकडे माडिया आदिवासी बायका पाळीत गावाच्या कडेला कुर्माघरात राहतात. बऱ्याच ठिकाणी ती मातीची, कुडाची झोपडी असते, तिथे ना नळ ना संडास. काही गावांत आता पक्की विश्रांतिगृहं बांधली गेली आहेत, ते चांगलंच आहे. तिथल्या बायकांनी त्या घराचं काय करायचं हे त्यांनीच ठरवावं, पण पाण्याशिवाय त्यांच्या हातात कप देणं म्हणजे त्यांना आजार देणं. २०१८ मध्ये महिलादिनी आपल्या राज्यात अस्मिता योजना सुरू झाली, शाळकरी मुलींना पाच रुपयांत आठ पॅड. पॅडचं पाकीट देऊन निघून येता येतं. कपाचं तसं नाही, तो देणाऱ्याला बसून बोलावं लागतं, पुढच्या महिन्यात परत जाऊन विचारावं लागतं. केरळमध्ये आलप्पुळा नगरपालिकेने २०१९ साली हजारो कप दिले तेव्हा सोबत माहितीचे वर्गही घेतले. वरोऱ्यात आशाताई आहेत, बचत गट आहेत. बोलणारी माणसं आहेत, फक्त हा विषय त्यांच्या यादीत नाही.

आमच्या शेतावर कापूस वेचायला येणाऱ्या एका बाईशी मी दिवाळीनंतर यावर बोलले. सकाळी निघायचं ते दिवेलागणीला परत, मध्ये झाडाचा आडोसासुद्धा नाही. कापड भिजलं की तसंच ओलं घेऊन ओळीत वाकायचं, कारण बदलायला जागा नाही. कप सकाळी घरी घातला तर रात्री घरीच काढता येतो, हे तिला माझ्याआधी समजलं. तिने तो हातात घेतला, दाबून पाहिला, तिच्याच बोटांनी घडी घालून पाहिली. मग म्हणाली, “ताई, हे मले जमन. पण आमच्या संडासाले दार हाये, कडी नाही. अन् घरात सासरा, दीर.” कडी बसवायला सुतार लागतो आणि तासाभराचं काम. ते आधी करायचं असं आम्ही ठरवलं, आणि कप तोवर तिने माझ्याकडेच ठेवायला दिला.