नागपुराहून वेगाच्या शाळेपर्यंत

वेगाचे वेड आजचे नव्हे, आणि आम्हां वैदर्भीयांस तर ते मुळीच परके नव्हे. महाभारताच्या वनपर्वात नलाची कथा आहे. दमयंतीच्या दुसऱ्या स्वयंवराची वार्ता ऐकून अयोध्येचा राजा ऋतुपर्ण एका दिवसात विदर्भातील कुंडिनपुरास पोहोचावयाचे म्हणून निघाला. त्याचे सारथ्य बाहुकाच्या रूपात लपलेल्या नलाने केले. वाटेत राजाचे उत्तरीय खाली पडले. ते उचलून आणविण्यासाठी रथ थांबवावा असे राजा म्हणेपर्यंत रथ योजनभर पुढे निघून गेला होता. ही कथा शिकविताना मुलांच्या डोळ्यांत वेगाचे कौतुक दिसे. पण कथेचे मर्म वेगात नाही. नलाने निवडलेले घोडे दिसावयास कृश होते, राजास ते पसंत पडले नव्हते. कोणता घोडा किती दम धरील हे मात्र नलास ठाऊक होते. त्या विद्येस अश्वहृदय असे नाव आहे. ज्यास घोड्याचे हृदय कळते, त्यानेच रथ पळवावा, हा त्या कथेचा अर्थ.

कुंडिनपूर म्हणजे अमरावती जिल्ह्यातील वर्धेकाठचे कौंडण्यपूर, असे परंपरा सांगते. त्याच विदर्भातून आज समृद्धी महामार्ग निघतो. नागपूर ते शिर्डी हा त्याचा पहिला टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि ५ जून २०२५ पासून ७०१ किलोमीटरांचा सबंध मार्ग मुंबईच्या बाजूस जाऊन मिळाला. मोटारींस ताशी १२० किलोमीटरांची मर्यादा आहे. परंतु सरळ, रुंद व मोकळा रस्ता पाहून तरुणांचा पाय त्या मर्यादेवर थांबत नाही. आमच्या घरीही हेच झाले. आमचे थोरले बंधू, ज्यांस घरातील सर्व मंडळी दादा म्हणतात, त्यांचा धाकटा मुलगा बुटीबोरीस कारखान्यात अभियंता आहे. एके रात्री जेवणाच्या पंगतीत तो सहज बोलून गेला की, परवा गाडी दीडशेवर गेली होती. पंगतीत एकदम शांतता पसरली. दादांनी त्याच रात्री किल्ल्या कपाटात ठेवल्या. आमच्या वडील भगिनी, म्हणजे मुलांच्या आत्या, यांनी तर गाडीच विकून टाका असे सुचविले.

किल्ल्या कपाटात ठेवल्याने हौस कपाटात बंद होत नाही, हे चाळीस वर्षे मुलांत घालविलेल्या माणसास सांगावे लागत नाही. ज्या मुलास पोहावयाचे आहे, त्यास विहिरीपासून हाकलले तर तो डोहात उडी घेतो. त्यास दोरी बांधून, जाणत्या माणसाच्या देखरेखीखाली पाण्यात सोडणे हाच उपाय होय. मोटारीच्या वेगासही अशी विहीर आहे काय, याचा शोध आम्ही पुतण्याकडूनच घेतला. ती आहे असे कळले. तिला ट्रॅक म्हणतात. तेथे ठरलेल्या दिवशी शुल्क भरून आपली रोजची मोटार घेऊन जाता येते. शर्यत नाही, बक्षीस नाही. सर्व गाड्या एकाच दिशेने धावतात, आणि समोरून कोणी येत नाही.

ही चाल युरोपात जुनी आहे. इंग्लंडात ब्रुकलंड्स येथे केवळ मोटारींच्या धावेसाठी बांधलेला मार्ग १९०७ साली सुरू झाला. जर्मनीत न्यूरबुर्गरिंग नावाचा डोंगराळ मार्ग १९२७ साली खुला झाला. तेथे सामान्य माणसाने पैसे भरून आपली गाडी चालवावी ही प्रथा आरंभापासून आहे. आपल्याकडे मद्रासच्या हौशी मंडळींनी १९५३ साली मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब स्थापिला. महायुद्धातील शोलावरम् येथील ओसाड विमानपट्टीवर त्यांच्या शर्यती कित्येक वर्षे होत असत. पुढे मंडळाने श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगाट्टुकोट्टै येथे स्वतःचा धावमार्ग बांधला. तो १९९० साली सुरू झाला. त्याची लांबी ३.७१७ किलोमीटर असून त्यास बारा वळणे आहेत. तेथेच जावयाचे ठरले. दादांनी एकच अट घातली: "काका बरोबर जाणार असतील, तर जा."

तयारीस पंधरवडा लागला, आणि ती तयारी हाच आमच्या मते शिक्षणाचा पहिला धडा होता. गाडी साधी, पाच माणसांची, पेट्रोलवर चालणारी. तिला नवे काही लावावयाचे नव्हते. जे आहे ते निर्दोष करावयाचे होते. मिस्त्रीने प्रथम जुने ब्रेक ऑइल काढून नवे भरले. हे तेल हवेतील ओलावा शोषून घेते आणि ओलावलेले तेल कमी उष्णतेस उकळते. एकामागून एक जोराचे ब्रेक दाबले की ते तापून नळीत वाफेचे बुडबुडे होतात. तेल दाबले जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पायाखालचा ब्रेक मऊ पडून तळाशी जातो. नंतर ब्रेक पॅडची जाडी पाहिली, टायरांच्या कडा तपासल्या, चाकांचे नट योग्य जोराने आवळले, बॅटरी हलते की काय ते पाहिले. डोक्यास चांगले हेल्मेट, पायांत पातळ तळव्याचे बंद बूट आणि अंगात पूर्ण बाह्यांचा सुती सदरा, एवढाच पोशाख.

येथे गृहस्थांनी एक गोष्ट नीट ध्यानात घ्यावी. आपल्या देशातील मोटारीच्या नेहमीच्या विम्यात शर्यत व वेगाची चाचणी यांस संरक्षण नसते. ट्रॅकवर गाडीचे नुकसान झाल्यास ते घरच्या पैशाने भरून काढावयाचे, असे धरूनच निघावे. ज्या गाडीवाचून घराचे अडेल, ती नेऊ नये. आणि सार्वजनिक रस्त्यावर सरकारच्या संमतीवाचून शर्यत लावणे हा १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १८९ व्या कलमाखाली गुन्हा असून त्यास तुरुंगवासही होऊ शकतो, हेही मुलांस स्पष्ट सांगावे.

संक्रांत आटोपून आम्ही पहाटे नागपूर सोडले. वहिनींनी दशम्या, तिखटमिठाच्या पुऱ्या आणि तिळाच्या वड्यांचा डबा दिला होता. बुटीबोरी व हिंगणघाट मागे पडले, आणि वर्धा ओलांडली तेव्हा उजाडले होते. पांढरकवड्यापुढे पैनगंगा लागली व महाराष्ट्राची सीमा संपली. आदिलाबादच्या सागवानी रानांतून उतरत निर्मळच्या पुढे गोदावरीचे दर्शन झाले. नाशकास जी अंगणातल्या मुलीसारखी दिसते, ती येथे प्रौढ गृहिणीसारखी संथ व विस्तीर्ण झालेली असते. पूल ओलांडीपर्यंत पुतण्याने आमच्यासाठी गाडी हळू केली. रात्री हैदराबादेस मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी विजयवाड्यास कृष्णा आणि सायंकाळी नेल्लूरास पेन्ना, म्हणजेच पिनाकिनी. दोन दिवसांत पाच नद्या झाल्या. सकाळच्या स्नानाच्या वेळी ज्यांची नावे घेतो, त्यांपैकी एकीची प्रत्यक्ष भेट घडली हा लाभ वेगळाच.

श्रीपेरुंबुदूर हे श्रीरामानुजाचार्यांचे जन्मस्थान. परंपरेप्रमाणे त्यांचा जन्म १०१७ सालचा. आदिकेशव पेरुमाळाच्या देवळात आम्ही तिसऱ्या दिवशी सायंकाळी गेलो. मोठ्या रस्त्यावर कारखान्यांच्या मालमोटारींची रांग आणि आत दीपांच्या प्रकाशात आचार्यांची मूर्ती, असा तेथला देखावा आहे. गुरूने गुप्त ठेवावयास सांगितलेला मंत्र आचार्यांनी देवळावर चढून सर्वांस ऐकविला, अशी त्यांची कथा प्रसिद्ध आहे. ज्याने लोक तरतील ते ज्ञान कोंडून ठेवू नये, ही त्यामागील भावना. दुसऱ्या दिवशी ट्रॅकवर जे ऐकले ते ऐकताना ही कथा आम्हांस वारंवार आठवली.

सकाळी प्रथम गाडीची तपासणी झाली. आतील छत्री, पाण्याच्या बाटल्या, जादा चाक, गणपतीची छोटी मूर्तीसुद्धा बाहेर काढावयास लावली. वेगात सुटलेली लहानशी वस्तूही पायाखाली ब्रेकच्या आड येऊ शकते. मग सर्व चालकांस एकत्र बसवून निशाणांचा पाठ दिला. पिवळे म्हणजे पुढे धोका, कोणास ओलांडू नये. तांबडे म्हणजे फेरी बंद, सावकाश परत यावे. निळे म्हणजे मागून अधिक वेगाची गाडी येत आहे. काळे ज्याला दाखविले त्याने तत्काळ बाहेर यावे. चौकटीचे म्हणजे वेळ संपली. ओलांडावयाचे ते सरळ भागावरच, आणि पुढच्याने हाताने वाट दिल्यावर. ज्यास हे पाठ नाही त्यास आत सोडत नाहीत. आमच्या शाळेत परीक्षेची शिस्त इतकी कडक असती, तर आम्हांस आनंदच झाला असता.

पहिली फेरी ओळखीची, संथ. नंतर पंधरा-वीस मिनिटांच्या पाळ्या. आम्ही कठड्याआड उभे राहून पाहत होतो. पहिल्या पाळीत पुतण्या फार आवाज करीत आला, वळणावर टायर किंचाळले, आणि तरीही दोन साध्या गाड्यांनी त्यास मागे टाकले. तो उतरला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. तेथील एका शिक्षकाने त्यास जे सांगितले, ते आमच्या शब्दांत असे: टायरांची पकड ही घरच्या मिळकतीसारखी ठरलेली असते. ती ब्रेक लावण्यात खर्च करा, अथवा वळण्यात खर्च करा. दोन्हीकडे एकदम सढळ हाताने खर्च केली तर दिवाळे निघते. म्हणून चाके सरळ असतानाच ब्रेक लावून घ्यावा, बाहेरच्या कडेने वळणात शिरावे, आतल्या कोपऱ्याजवळून जावे आणि पुन्हा बाहेरच्या कडेस सुटावे. दृष्टी बोनेटवर नको, जेथे जावयाचे आहे तेथे हवी.

दुसऱ्या पाळीत आवाज निम्मा झाला आणि दर फेरीचा वेळ कमी झाला. तिसऱ्या पाळीत, पाचव्या फेरीस, तो आपण होऊन बाहेर आला. "काका, ब्रेक मऊ लागतोय," एवढेच म्हणाला. कोणी निशाण दाखविले नव्हते. आमच्या दृष्टीने त्या दिवसाचे खरे फळ हेच. गाडी तापली आहे हे त्यास पायाच्या तळव्यातून कळले आणि हौस अर्धी असताना तो थांबला. अश्वहृदय म्हणतात ते याहून निराळे नसावे. त्याने हॅन्डब्रेक न ओढता, चाकास अडण लावून गाडी थंड होऊ दिली. तापलेल्या ब्रेकवर तो ओढू नये, हेही तेथेच कळले. टायरांतील हवा तापून वाढली होती, ती मोजून कमी केली. आणि परतीच्या रस्त्यास लागण्यापूर्वी, टायर थंड झाल्यावर, पुन्हा पुरी भरली.

तथापि ट्रॅक म्हणजे निर्भय स्थान, असा समज कोणी करून घेऊ नये. याच इरुंगाट्टुकोट्टैच्या मार्गावर २०२३ साली जानेवारीत मोटारींच्या शर्यतीत ५९ वर्षांचे एक मुरलेले चालक आणि ऑगस्टात मोटारसायकलींच्या शर्यतीत अवघा तेरा वर्षांचा एक मुलगा मृत्यू पावले. त्या शर्यती होत्या, हौशी दिवस नव्हते, हे खरे. पण वेग तोच आणि देहही तोच. तेथे वैद्य, रुग्णवाहिका व अग्निशामक सज्ज आहेत किंवा नाहीत, हे पाहिल्यावाचून आत जाऊ नये. जेथे ती व्यवस्था नाही तेथून सरळ परत फिरावे.

आता दादांचा मूळ प्रश्न. वेग चाखल्याने त्याची भूक वाढते की शमते? परतीच्या वाटेवर आम्ही याच शंकेने काटा पाहत होतो. पुतण्या शंभराच्या आत राहिला आणि पुढच्या गाडीपासून दुप्पट अंतर ठेवू लागला. विचारले तेव्हा त्याने हिशेब सांगितला: कोरड्या रस्त्यावर चांगल्या ब्रेकांची गाडी साठाच्या वेगात सुमारे १७ मीटरांत थांबत असेल, तर एकशेवीसच्या वेगात तिला सुमारे ७० मीटर लागतात, वेग दुप्पट, अंतर चौपट. पाय ब्रेकवर जाण्यास सेकंद लागला, तर आणखी ३३ मीटर गेलेच. "आणि इथे, काका, पिवळे निशाण दाखवायला कोणी उभं नसतं," असे तो म्हणाला. हा हिशेब त्याने शाळेतही केला होता. पण तो वहीतून पायात उतरावयास बारा वळणे लागली.

सर्वच मुलांवर असा परिणाम होईल, असे आम्ही म्हणणार नाही. ज्यास केवळ मिरवावयाचे आहे, तो ट्रॅकवरून येऊन रस्त्यावर अधिक मिरवील. म्हणून घरच्या वडील मंडळींनी एकदा तरी बरोबर जावे, कठड्याशी उभे राहावे, आणि मुलगा कोणाचे ऐकतो व केव्हा थांबतो हे पाहावे. आमच्या घरी आता असा नियम झाला आहे: वर्षातून एकदा ट्रॅक, त्याचे शुल्क, पेट्रोल व ब्रेक पॅड त्याच्याच पगारातून, आणि समृद्धीवर मर्यादेच्या वर काटा गेल्याचे कळले, तर ते वर्ष रद्द. दादांनी किल्ल्या कपाटातून काढून देवघराशेजारच्या खुंटीस लावल्या आहेत. आत्यांचा राग मात्र अद्याप पुरता गेलेला नाही. तो तसाच थोडा राहिलेला बरा, असे आम्हांस वाटते.