पीक गेल्यावरचा विश्वास

आमच्या देऊळघाटला पैनगंगा जवळ आहे, तरी शेती शेवटी पावसाच्या भरवशावर. सोयाबीन फुलावर असताना पाऊस दडी मारतो, नाहीतर सोंगणी झाली की नेमका कोसळतो. २००६ साली पंतप्रधानांनी शेतकरी आत्महत्यांमुळे विदर्भातल्या ज्या सहा जिल्ह्यांना पॅकेज जाहीर केलं, त्यात आमचा बुलढाणाही होता. अशा मयतीच्या घरी एक वाक्य मी फार वेळा ऐकलंय, "काहीतरी पाप घडलं असेल."

मला या वाक्याचा राग येतो. आपण ख्रिस्ती लोकही ते बोलतो, याचा तर जास्तच. ईयोबाच्या मित्रांनी हेच केलं होतं की! सात दिवस ते त्याच्याजवळ गप्प बसले तोवर ठीक होतं. तोंड उघडलं आणि सगळं बिघडलं. शेवटी देवाचा कोप झाला तो त्या मित्रांवर. जन्मापासून आंधळा असलेला माणूस पाहून शिष्यांनीही पाप कुणाचं म्हणून चौकशी केली होती. येशूनं ती चौकशी बाजूला सारली आणि माती कालवून त्याच्या डोळ्यांना लावली.

अशा वेळी मला पंडिता रमाबाई आठवतात. १८७० च्या दशकातल्या दुष्काळात त्यांचे वडील, आई आणि बहीण गेली. होतं नव्हतं ते अनुष्ठानं आणि दानधर्मात आधीच संपलेलं. पुढे भाऊ गेला, १८८२ मध्ये पतीही कॉलऱ्यानं गेले, पदरात तान्ही मुलगी. १८८३ मध्ये इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. म्हणून दुःख थांबलं का? १९२१ मध्ये ती एकुलती मनोरमाही गेली आणि पुढच्याच एप्रिलमध्ये रमाबाई स्वतः.

पण मधली वर्षं पाहा. १८९६-९७ मध्ये मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याचं कळलं तेव्हा त्या उठून तिथे गेल्या आणि उपाशी मुलींना, विधवांना घेऊन आल्या. केडगावचं मुक्ती मिशन त्यातूनच वाढलं. भूक म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगावं लागलं नव्हतं. देवाची दया म्हणतात ती मला इथे दिसते. आपल्यावर असं का आलं, याचं उत्तर त्यांना मिळालं होतं की नाही, देव जाणे.

नीतिमान माणूस विश्वासावर जगतो, हे हबक्कूकाचं म्हणणं पौलानं उचललं, पुढे ल्यूथरनंही. पण ते पुस्तक सुरू होतं तक्रारीनं, हे आपण विसरतो. आणि संपतं ते अंजीर, द्राक्षं, जैतून, शेत, गोठा अशा यादीनं. सगळं रिकामं, तरी संदेष्टा देवाच्या ठायी आनंद मानतो. ही यादी अगदी शेतकऱ्याची आहे. मात्र तो हे स्वतःपुरतं म्हणतो, पीक गेलेल्या शेजाऱ्याला ऐकवत नाही. प्रवचनं करणाऱ्यांनी (मीही कधीमधी करतो) हा फरक जपावा.

असो. ओळखीतल्या एका ताईंचा नवरा असाच गेला. कर्ज तसंच आहे. मदतीच्या अर्जासाठी त्यांना तहसीलला जावं लागतं, मी सोबत जातो. परवा एसटीत त्यांनी विचारलं, "भाऊ, देवानं असं काऊन केलं?" मला काही सांगता आलं नाही. सातबाऱ्याची झेरॉक्स घेतली का, एवढं विचारलं. घेतली होती.