देखणा लेप

वायू ओळखणाऱ्या सेन्सरवर मी झिफ-८ या सच्छिद्र धातू-सेंद्रिय सांगाड्याचा लेप देतो आणि त्याचे स्फटिक मला देखणेच लागतात. बारा पैलू, प्रत्येक कड धारदार. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तसा लेप दिसला की फोटो आधी भिंतीवर जातो, सेन्सरची चाचणी नंतर. यंदा आलेल्या विद्यार्थिनीने तो फोटो पाहून विचारलं, "सर, पण हे दाणे एकमेकांना चिकटलेत कुठे?"

सगळं घोडं तिथेच अडतं. सेन्सरमधल्या झिंक ऑक्साइडच्या तापलेल्या थराला हायड्रोजन काय, टोल्यूइन काय, सगळे सारखेच. म्हणून वर चाळणीसारखा लेप. झिफ-८ची खिडकी ०.३४ नॅनोमीटरची. हायड्रोजन ०.२९चा, तो सहज आत जातो. टोल्यूइनने बाहेर थांबायचं. सांगाडा लवचीक असल्याने ०.३८चा मिथेनही अंग चोरून शिरतो, तेवढं चालवून घेता येतं. दोन दाण्यांमधली फट मात्र काहीच निवडत नाही. तिथे सगळ्यांना मोकळं रान. लेप जाड केला तर फटी बुजतात, पण सेन्सर सुस्तावतो आणि तापता-निवता थर तडकतो. पातळ ठेवला तर फटी आहेतच. माझी उमेदीची वर्षं या कात्रीत गेली.

ती विद्यार्थिनी माझ्यासारखी द्रावणाच्या भानगडीत पडतच नाही. सेन्सर मिथाइलइमिडाझोलच्या वाफेत ठेवते. ऑक्साइडचा वरचा थर जागच्या जागी झिफ-८ होतो, होताना कित्येक पट फुगतो आणि शेजारच्याला भिडतो. फार वेळ ठेवला तर खालचा ऑक्साइडच संपतो. कधी काढायचं ते तिला बरोबर समजतं. वाफेची ही वाट ल्यूव्हेनच्या मंडळींनी २०१६ मध्ये दाखवली, तेव्हाच मी वाचली होती. पण तो थर दिसतो दुधावरच्या सायीसारखा. पैलू नाही, कड नाही. असलं काही भिंतीवर कोण लावणार?

तिच्या सेन्सरवर टोल्यूइन सोडलं, आलेख जेमतेम हलला. हायड्रोजनला उसळला.

२०२५चं नोबेल कितागावा, रॉब्सन आणि याघी यांना अशाच सांगाड्यांसाठी मिळाल्यापासून नव्या सांगाड्यांची नावं रोज कानावर येतात. लेप नीट बसवणारे हात कमीच. काही जण कोरड्या नायट्रोजनमध्ये चाचणी घेऊन सेन्सर निवडक असल्याचं छापतात. त्यांनी तो जुलैत रत्नागिरीला आणून दाखवावा. काही जण बेभरवशाच्या सेन्सरांची मोळी बांधून निवडीचं काम संगणकावर ढकलतात. त्यांचे निकाल चांगले येतात, म्हणून तर जास्त राग येतो.

आता आमच्याकडे लेप तिच्याच पद्धतीने होतात. पाहुण्यांना फोटो मात्र मी माझेच दाखवतो.