खासीचा बोकड आणि राज्याची लीग

ओडिशाच्या उत्तर सीमेवर, झारखंडला लागून असलेल्या एका आदिवासीबहुल जिल्ह्यात एकात्मिक आदिवासी विकास अभिकरणाचा प्रकल्प प्रशासक असताना ज्या नस्तीने माझा सर्वाधिक वेळ घेतला, ती रस्त्याची नव्हती की सिंचनाची नव्हती. ती मुलींच्या फुटबॉल संघाची होती. संघ मी स्थापन केलेला नव्हे. आश्रमशाळेतील एका क्रीडा शिक्षिकेने तो उभा केला होता. अध्यक्षपद मात्र पदसिद्ध असल्याने माझ्याकडे आले, आणि त्याबरोबर एक निर्णयही आला: संघाने खासी स्पर्धा सोडून राज्य संघटनेच्या महिला लीगमध्ये जावे काय?

खासी म्हणजे खच्ची केलेला बोकड. मेघालयातील खासी टेकड्यांशी या शब्दाचा काही संबंध नाही, हे महाराष्ट्रातील मित्रांना मला वारंवार सांगावे लागले. झारखंड व उत्तर ओडिशात भाताची कापणी झाली की मोकळ्या शेतात गावोगावी स्पर्धा भरतात आणि विजेत्यांना बोकड मिळतो. पुष्कळ ठिकाणी सोबत रोख रक्कमही असते. सामने तोकडे असतात, बरोबरी झाली की पेनल्टी. अनेकजणी अनवाणी खेळतात. पंच बहुधा यजमान गावचाच असतो आणि त्याच्या निर्णयांविषयी न बोललेले बरे. परंतु प्रेक्षक हजारांनी जमतात, बायका मुले कडेवर घेऊन सामना पाहतात, आणि मुलींनी अर्ध्या चड्डीत खेळावे की नाही, हा प्रश्न तेथे कोणाला पडत नाही. महाराष्ट्रातील कित्येक तालुक्यांबद्दल मी असे म्हणू शकणार नाही.

बोकडाकडे केवळ गंमत म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. आमच्या संघातील 24 मुलींपैकी नऊजणी शाळा संपलेल्या होत्या. शासकीय वसतिगृहाचा भोजनखर्च पटावरील विद्यार्थिनींपुरताच. मॅट्रिक झालेली मुलगी त्या ताटावर जेवली तर तो लेखाआक्षेप ठरतो. या नऊजणींचा हिवाळा खासीवर चाले. बोकड विकून आलेले पैसे वाटून घेतले जात. कोणाचे घर शाकारले जाई, कोणाच्या भावाची फी भरली जाई.

मग लीग बदलायचीच कशाला? कारण एकच, आणि ते प्रशासकीय होते. खासीच्या प्रमाणपत्राला शासनदरबारी काडीची किंमत नाही. केंद्र शासनाच्या क्रीडा कोट्यातून नोकरी हवी तर राष्ट्रीय स्पर्धेत राज्याचे प्रतिनिधित्व केलेले असावे लागते. राज्याचा संघ निवडणारी मंडळी राज्याच्या लीगमध्ये बसतात, आमच्या भातशेतात येत नाहीत. कटकच्या रायझिंग स्टुडंट्स क्लबने 2017 साली पहिल्याच इंडियन विमेन्स लीगची अंतिम फेरी गाठली आणि पुढच्या हंगामात अजिंक्यपद मिळविले. 2023-24 मध्ये लीग प्रथमच स्वगृही व परगृही अशा सामन्यांची झाली, तेव्हा ती ओडिशा एफसीने जिंकली. त्याच हंगामापासून तिच्याखाली दुसरी श्रेणीही सुरू झाली. म्हणजे जिना आता तयार होता; आमच्या मुली त्याच्या पहिल्या पायरीच्याही बाहेर उभ्या होत्या.

राष्ट्रीय महिला अजिंक्यपद स्पर्धा आता राजमाता जिजाबाई करंडकासाठी खेळली जाते. मणिपूरने ती वीसहून अधिक वेळा जिंकली आहे. जिजाबाई कोण, हे संथाळी आणि हो बोलणाऱ्या मुलींना माझ्या मोडक्या ओडियातून सांगण्यात एक संध्याकाळ फार सुखाची गेली.

पहिली अडचण जन्मतारखेची निघाली. नोंदणीसाठी जन्माचा दाखला हवा, आणि अकराजणींकडे तो नव्हता. मुख्याध्यापकांनी प्रवेशाच्या दिवशी अंदाजाने लिहिलेली तारीख तेवढी होती. वर्षाहून अधिक विलंबाने जन्मनोंद करायची तर पूर्वी प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्याचा आदेश लागे. 1969 च्या कायद्यातील दुरुस्ती ऑक्टोबर 2023 मध्ये लागू झाली आणि तो अधिकार जिल्हा दंडाधिकारी, उपविभागीय दंडाधिकारी वा अधिकृत केलेल्या कार्यकारी दंडाधिकाऱ्याकडे आला. त्यामुळे आमचे काम काही आठवड्यांत झाले. फुटबॉलसाठी काढलेल्या या दाखल्यांचा उपयोग पुढे मुलींना जात प्रमाणपत्राच्या वेळीही झाला.

दुसरी अडचण दाखल्याने सुटणारी नव्हती. नोंदणीकृत खेळाडूने मान्यता नसलेल्या स्पर्धेत उतरू नये, असे संघटनेने आम्हांस स्पष्ट बजावले होते. शिवाय लीगच्या तारखा भर खासीच्या हंगामातच आल्या. नोंदणी करणे म्हणजे बोकडावर पाणी सोडणे. भुवनेश्वरचा प्रवास, बूट, निवास यांची तरतूद मी करू शकत होतो. घर शाकारण्याची तरतूद कोणत्या लेखाशीर्षाखाली करणार?

शिक्षिकेचे मत होते की सर्वांनी जावे, संघ फोडू नये. मला ते पटले नाही. अधिकाऱ्याने गावात जाऊन "तुमच्या भल्यासाठी" म्हटले की गावकरी नकार देत नाहीत, आणि तो होकार मानण्याची आपल्या यंत्रणेला वाईट खोड आहे. म्हणून प्रत्येकीच्या घरी दोनदा जायचे ठरविले: एकदा शिक्षिका व मी, नंतर शिक्षिका एकटी. अधिकारी नसताना जे उत्तर मिळेल तेच धरायचे.

आमची सर्वोत्तम आघाडीची खेळाडू एकोणीस वर्षांची होती. तिच्या आईने माझ्यासमोर मान डोलावली. शिक्षिका एकटी गेली तेव्हा म्हणाली, "दिदी, नोकरी किती वर्षांनी लागेल? लागेलच असे आज्ञा लिहून देतील का?" या प्रश्नाला प्रामाणिक उत्तर 'नाही' हेच होते, आणि तेच तिला कळविले. मुलीने नोंदणी केली नाही. आणखी पाचजणींनी केली नाही.

अठराजणींना घेऊन आम्ही लीगमध्ये उतरलो. पहिला सामना सात गोलांनी हरलो. नव्वद मिनिटे धावण्याची सवय नव्हती. साठाव्या मिनिटानंतर बचावफळी अक्षरशः उभी राहिली. त्या हंगामात एक विजय आणि दोन बरोबऱ्या पदरी पडल्या. हंगाम संपल्यावर आमच्या सतरा वर्षांच्या गोलरक्षिकेला राज्याच्या निवड शिबिराचे पत्र आले. ते माझ्या कार्यालयाच्या आवक नोंदवहीत चुकून पाणीपुरवठ्याच्या नस्तीत चढले होते.

राहिलेल्या सहाजणींनी शेजारच्या गावातील मुली घेऊन नवा संघ बांधला आणि त्या हिवाळ्यात चार बोकड जिंकले. सराव दोन्ही संघ एकाच मैदानावर करीत. सरावाला कोणत्याही महासंघाची हरकत नसते. माझी बदली झाली त्या आठवड्यात दुसऱ्या हंगामाची नोंदणी सुरू होती. आघाडीवरच्या त्या मुलीचा अर्ज शिक्षिकेने भरून ठेवला होता. सहीची जागा तेवढी मोकळी होती, आणि मुदतीला नऊ दिवस बाकी होते.